दुभाषी बोलू इच्छिते

फुटबॉलमधला ऑफसाइड मला वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी कळला, आणि तोही कॅरमबोर्डावर. त्याआधीचे तीन सोमवार मी त्या शब्दाचं इंग्रजीतून जपानीत आणि जपानीतून इंग्रजीत बिनदिक्कत भाषांतर करत होते. जपानीतही तो शब्द इंग्रजीच आहे, म्हणून निभावलं. आमच्या धंद्यात समजलं नाही तरी एक वेळ चालतं, अडखळलेलं चालत नाही.

मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक केतकी मला म्हणाली, "मावशी, तुमच्या करिअरवर लिहा ना, अगदी सुरुवातीपासून." सुरुवातीपासून लिहिलं तर वाचणारा चकली हातात धरूनच झोपेल. म्हणून एकाच मोसमाबद्दल लिहिते. फेब्रुवारी ते नोव्हेंबर. त्या दहा महिन्यांत मी अमेरिकेत, शॉमबर्गच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी बसून, जपानमधल्या एका समुद्राकाठच्या गावाच्या फुटबॉल क्लबची नोकरी केली. क्लबच्या मालकाची परवानगी घेतली आहे, माणसांची नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव सांगणार नाही.

आधी माझं जपानी कुठून आलं ते सांगते. पुण्यात कॉलेजात असताना जर्मन शिकायला नाव घालायला गेले, तर वर्ग भरलेला. शेजारच्या टेबलाशी जपानीचे सर एकटेच बसले होते. समोर कोरा कागद, हातात टोक केलेली पेन्सिल. मला त्यांची दया आली. माझ्या साऱ्या कारकिर्दीमागे एवढीच दूरदृष्टी होती.

पुढे लग्न करून शॉमबर्गला आले, तर आजूबाजूला जपानी कंपन्यांचे कारखाने. मोटारींचे सुटे भाग बनवणारे. तिथे अमेरिकन फोरमन आणि जपानी इंजिनिअर एकमेकांकडे बघून हसायचे आणि माल चुकीचा बनायचा. मी दुभाषी झाले.

त्या काळातली मी आज भेटले असते, तर मी मला घरात घेतलं नसतं. भर जुलैत निळा कोट घालायची. किती वाकून नमस्कार केला म्हणजे किती आदर, याचे अंश पाठ केले होते, आणि सुधीरच्या, म्हणजे नवऱ्याच्या, कंपासपेटीतला कोनमापक घेऊन आरशासमोर सराव करायची. तो पलंगावर पडल्या पडल्या म्हणायचा, "अगं, पंधरा झाले, अजून पंधरा वाक. वाकते आहेस खरी, पण चेहरा असा की समोरच्यानं घाबरून तुझ्या पाया पडावं."

या धंद्याचे नियम थोडेच आहेत. पहिला, बोलणाऱ्याच्या जागी बसून बोलायचं. साहेब म्हणाले "मला मूळव्याधीचा त्रास आहे", तर मीही चारचौघांत ताठ मानेनं "मला मूळव्याधीचा त्रास आहे" असंच म्हणायचं. "हे म्हणतायत की यांना" असं नाही. दुसरा, पदरचं काही घालायचं नाही, समोरचं काही गाळायचं नाही. तिसरा नियम पुस्तकात नाही. घरून जेवून जायचं. मेजवानीला दुभाष्याची खुर्ची असते, ताट असतं, पण तोंड दोन्ही बाजूंचं असतं. एकदा मी अख्खा बटाटावडा असतो तेवढा तळलेला भोपळा तोंडात कोंबला आणि त्याच क्षणी कंपनीचे अध्यक्ष दिवंगत संस्थापकांबद्दल बोलायला लागले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते गरम भोपळ्यामुळे. अध्यक्षांना वाटलं, केवढी हळवी बाई! त्यांनी पुढली दहा वर्षं मला नवीन वर्षाचं कार्ड पाठवलं.

चौथी गोष्ट नियम नाही, युक्ती आहे. जपानी माणूस विचार करताना गप्प बसतो. अमेरिकन माणसाला ते गप्प बसणं चावतं. तो लगेच काहीतरी बोलून ती जागा भरून टाकतो, आणि बहुतेक वेळा जे द्यायचं नव्हतं ते देऊन बसतो. दुभाष्यानं "जरा थांबा" म्हणायचं नसतं. पण दुभाष्याला तहान लागू शकते. दुभाषी पाणी पीत असेल तोवर कुणालाच बोलता येत नाही. मी चाळीस वर्षं अशी घोट घोट पाणी पीत आले आणि समजत आले की हे कुणाला कळत नाही.

तर, निवृत्त होऊन चार वर्षं झाल्यावर एजन्सीचा फोन आला. डग नावाच्या गृहस्थाला दर सोमवारी तासभर दुभाषी हवा आहे, व्हिडिओ कॉलवर, फुटबॉलसाठी.

"मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही," मी म्हणाले.

"तुम्हाला मोटारीच्या गॅस्केटमधलं तरी कुठे कळत होतं?" एजन्सीतली मुलगी म्हणाली. मुलगी हुशार.

डगची गोठवलेल्या अन्नाची मोठमोठी कोठारं आहेत. यंत्रं बघायला तो जपानला गेला होता. कुणीतरी त्याला गावातल्या सामन्याला नेलं. थंडी होती. शेजारच्या अनोळखी आजीबाईंनी आपल्या बुडाखालची उशी काढून त्याच्या बुडाखाली सरकवली आणि वाडग्यात उकडलेला गरम मुळा दिला. लोक जपानहून पंखा आणतात, चहाची किटली आणतात. यानं क्लबचा मोठा हिस्सा विकत घेतला.

तो क्लब दुसऱ्या श्रेणीतला. दुसरी श्रेणी म्हणजे लग्नातली दुसरी पंगत. पदार्थ सगळे असतात, पण मठ्ठा पातळ झालेला असतो, वाढपी दमलेले असतात आणि जिलबी पुरेल का याची खात्री नसते. मात्र बसलेली माणसं पहिल्या पंगतीपेक्षा भुकेली असतात. वीस संघ. वरचे दोन-तीन पहिल्या पंगतीत जातात, तळाचे तीन तिसऱ्या पंगतीत ढकलले जातात. आमच्या क्लबचा शुभंकर होता बूट घातलेला मुळा, कारण त्या गावचा मुळा प्रसिद्ध. डगच्या मागच्या भिंतीवर त्या मुळ्याचं चित्र होतं. माझ्या नातीनं ते पाहिलं आणि म्हणाली, "आजी, युवर बॉस इज अ व्हेजिटेबल." मुळ्याला मी तेव्हापासून मनात 'मुळेसाहेब' म्हणू लागले.

दर सोमवारी संध्याकाळी सहाला आमची बैठक. तिकडे मंगळवारची सकाळ. पडद्यावर तिघं जण. इकडे डग, बेसबॉलची टोपी घातलेला. तिकडे क्लबचे व्यवस्थापक निशिदा-सान, सतत टिपणं घेणारे. आणि त्यांच्या शेजारी प्रशिक्षक ओगावा-सान, ट्रॅकसूटमध्ये, पन्नाशीचे, उन्हानं रापलेले, शब्दाला महाग. तिसऱ्या चौकोनात मी, आणि माझ्या मागे स्वयंपाकघरात सुधीर. निवृत्त झाल्यापासून सोमवारचा वरण-भात त्याच्याकडे.

पहिल्याच बैठकीत कुकरची शिट्टी झाली. डग म्हणाला, "रेफरी कोण आणलाय?" मी नियमानुसार त्याचंही जपानी केलं. निशिदा-सान सभ्यपणे हसले. ओगावा-सान हसले नाहीत. तिसरी शिट्टी झाली तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "सामना संपला." फुटबॉलमध्ये तीन शिट्ट्या म्हणजे खेळ खलास, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आमच्याकडे तीन शिट्ट्या म्हणजे डाळ शिजली. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. सुधीरनं गॅस बंद केला आणि मला ओगावा-सान आवडले.

ऑफसाइडही सुधीरनंच शिकवला. जन्मभर क्रिकेट बघणारा माणूस, पण बायकोची अब्रू जाते आहे म्हटल्यावर आठवडाभर पुस्तकं वाचून वही भरली. कॅरमबोर्डावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडल्या, राणीला चेंडू केलं. "हे बघ, हा काळा पांढऱ्यांच्या मागे आधीच जाऊन उभा राहिला तर चीटिंग. जेवणाची पानं मांडायच्या आधीच जिलबीच्या परातीजवळ जाऊन बसल्यासारखं."

"तुझ्या काकांसारखं," मी म्हणाले.

"तसंच. पक्के ऑफसाइड."

कळलं ते कळलं. त्या काकांची आठवण झाली की अजून माझा हात पंचाच्या झेंड्यासारखा वर जातो.

डगचं बोलणं म्हणजे दुभाष्याची परीक्षा. बेसबॉलच्या उपमा देई तोवर ठीक, जपानी लोकांना बेसबॉल समजतो. पण तो मधूनच अमेरिकन फुटबॉलमध्ये घुसायचा. एकदा म्हणाला, शेवटची पाच मिनिटं राहिली की देवाचं नाव घ्या आणि लांब फेका. मी केलं तसंच जपानी. निशिदा-साननी ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या शनिवारी आमच्या पोरांनी शेवटची पाच मिनिटं चेंडू इतके लांब मारले की एक पार्किंगमध्ये गेला. ओगावा-सान सोमवारी एवढंच म्हणाले, "मालकांची सूचना अमलात आणली." डगला कळेना की त्यानं कधी सूचना दिली. दुभाषी पाणी प्यायली.

वसंतात आम्ही बरे होतो. रविवारी सकाळी पोहे खात सुधीर आणि मी रेकॉर्ड केलेला सामना बघायचो आणि मुळेसाहेब गोलच्या मागे उड्या मारायचे. जुलैपासून गाडं घसरलं. एक बचावपटू जायबंदी झाला, दुसऱ्याला पहिल्या श्रेणीतला क्लब घेऊन गेला. सात सामने झाले, एकही जिंकलो नाही. घरच्या मैदानावर हरलो की एक रिवाज पाहायला मिळायचा. खेळाडू आणि प्रशिक्षक रांगेनं प्रेक्षकांसमोर जाऊन वाकून उभे राहत. प्रेक्षक ओरडत नसत. ढोल बंद, सगळं चिडीचूप. सगळे सरळ झाले तरी ओगावा-सान वाकलेलेच असत.

"याची काय चूक?" सुधीर चिडून म्हणायचा. "गोलकीपरनं चेंडू सोडला, तर वाकतोय हा. आपल्याकडे क्रिकेट हरले की लोक घरावर दगड मारायचे, ते तरी समजतं."

डगलाही ते समजत नव्हतं. "तो सारखी माफी का मागतो? माफी मागणारा माणूस मला हरलेला वाटतो." हे मी ओगावा-सानना जपानीत सांगितलं. नियम म्हणजे नियम. ते म्हणाले, "समजलं." ऑगस्टअखेरीस एका बैठकीतून ओगावा-सान सरावासाठी लवकर उठून गेले, तेव्हा डग निशिदा-सानना म्हणाला की त्यानं दुसरा प्रशिक्षक पाहून ठेवला आहे. निशिदा-सान म्हणाले, "समजलं." वहीत काही लिहिलं नाही. एरवी ते डगची शिंकसुद्धा लिहून घ्यायचे.

पुढच्या सोमवारी पडदा उघडला तर ओगावा-सान सुटाबुटात. ट्रॅकसूट नाही. असा सूट मी एकदा पाहिला होता.

इथे मला पस्तीस वर्षं मागे जावं लागेल. निळ्या कोटातल्या त्या बाईकडे.

एका कारखान्यात हारा-सान नावाचे उत्पादनप्रमुख होते. चांगला माणूस. मशीनवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या पोराबाळांची नावं पाठ. एकदा सदोष मालाची मोठी खेप बाहेर गेली. चूक दुसऱ्याच विभागाची. पण हारा-सान सूट घालून अमेरिकन साहेबाच्या खोलीत आले, दोन्ही हातांनी पांढरा लिफाफा टेबलावर ठेवला, वाकले आणि म्हणाले, "जबाबदारी माझी. मी राहावं की जावं, हे आपल्यावर सोपवतो."

जपानी कचेरीत हा जुना रिवाज आहे. माणूस राजीनामा देत नाही, आपली मान पुढे करतो. वरिष्ठानं लिफाफा ठेवून घेतला तर गेला. पण वरिष्ठ बहुतेक वेळा तो परत करतो, "पुन्हा कामाला लागा" म्हणतो, आणि माणूस दुप्पट जोमानं कामाला लागतो. लिफाफा परत करायला वेळ लागतो. दोन्ही बाजूंनी बराच वेळ काही बोलायचं नसतं.

हे सगळं मला माहीत होतं. पुण्याच्या सरांनी शिकवलं होतं. साहेबाला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, माणूस स्वतःहून जातो आहे. तो उठला, हात पुढे केला, म्हणाला, "तुमच्या निर्णयाचा आदर करतो. मंजूर." आणि मी, काचेसारखी पारदर्शक दुभाषी, पदरचं काही न घालता, समोरचं काही न गाळता, अत्युत्तम आदरार्थी जपानीत ते हारा-सानना सांगितलं. वाक्य इतकं सुरेख जमलं होतं की मला मनातून आनंद झाला. लाज वाटते, पण झाला.

हारा-साननी माझ्याकडे पाहिलं. साहेबाकडे नाही, माझ्याकडे. मग वाकले. महिन्याभरात ते जपानला परतले. जाण्याआधी त्यांच्या बायकोनं घरी येऊन मला मिठाईचा डबा दिला, "आमची एवढी काळजी घेतलीत" म्हणून. कंपनीनं मला 'अचूक भाषांतराबद्दल' पत्र दिलं. मी ते फ्रेम केलं. सुधीरनं एक दिवस काही न बोलता ते भिंतीवरून काढून ठेवलं, आणि मीही विचारलं नाही कुठे ठेवलं.

तर, सप्टेंबरचा तो सोमवार. ओगावा-साननी कोटाच्या आतल्या खिशातून पांढरा लिफाफा काढला. दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर धरला, टेबलावर ठेवला, वाकले. "जबाबदारी माझी. मी राहावं की जावं, हे मालकांवर सोपवतो."

मी इंग्रजी केलं. डगच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. वाईट माणूस नाही तो. कुणाला घालवायचं म्हणजे त्याच्या जिवावर येतं, आणि इथे माणूस आपणच चालला होता.

"त्यांना सांग, मी आभारी आहे," तो म्हणाला. "सांग की मंजूर—"

मी ग्लास उचलला. पाणी प्यायले. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या. तिसरी झालीच नाही. स्वयंपाकघरात सुधीरनं गॅस बंद केला होता. लिफाफ्याची गोष्ट त्यानं माझ्याकडून एकदाच ऐकली होती. मी कधी घटाघटा पाणी पीत नाही. त्या दिवशी प्यायले, आणि ग्लास खाली ठेवून हात वर केला.

"दुभाषी बोलू इच्छिते."

दुभाष्याला स्वतःचं काही म्हणायचं असेल तर ते असंच म्हणायचं असतं, परक्या माणसाबद्दल बोलल्यासारखं, आणि दोन्ही भाषांत. रिवाज समजावण्यापुरती तशी मुभा असते. तरुणपणी मला ही मुभा कमीपणाची वाटायची. आधी जपानीत निशिदा-सानची परवानगी मागितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "बोला." मी डगला लिफाफ्याचा रिवाज सांगितला. पाच वाक्यांत.

डगनं टोपी काढली. "शैला, मी काय करायचं हे तू मला सांगते आहेस?"

"नाही. तुमच्यापुढे काय ठेवलंय, एवढं सांगते आहे. ठेवून घेतलंत तरी रिवाजाला धरून, परत केलंत तरी धरून. फक्त ते जातो म्हणत नाहीयेत. ते विचारतायत."

"आणि मी ऐकलं की ते सांगतायत."

"हो."

मला वाटलं, गेली नोकरी. गेली तर गेली. पण आयुष्यात पहिल्यांदाच माझा नियम मोडला, तो ओगावा-सानच्या कामी आला नाही, तर मोडला कशासाठी? डगनं नाक खाजवलं, टोपी घातली, परत काढली.

"त्यांना विचार, त्यांना राहायचं आहे का?"

असं तोंडावर कुणी विचारत नाही. मी विचारलं. ओगावा-सान इतका वेळ गप्प राहिले की माझ्या ग्लासात पाणी नाही याचं मला दुःख झालं. डग बोलायला तोंड उघडतो, मिटतो, उघडतो. पण बोलला नाही.

"पोरं नव्वदाव्या मिनिटालाही धावतायत," ओगावा-सान अखेर म्हणाले. "ज्या दिवशी धावायची थांबतील, त्या दिवशी मी लिफाफा आणणार नाही. त्याआधीच गेलेला असेन."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. डग खुर्चीत सरसावून बसला. "लिफाफा परत कसा करतात? मी इथे, तो तिथे."

"निशिदा-सान देतील. तुम्ही सांगा."

"आणि मी?"

"दोन्ही हात पुढे करा. वाका."

डगनं टेबलावरचा हाताला लागला तो कागद दोन्ही हातांत धरला. पिझ्झाच्या दुकानाची जाहिरात होती. ती पुढे करून तो इतक्या मनापासून वाकला की कपाळ कॅमेऱ्यावर आपटलं आणि त्याचा चौकोन काळा झाला. तिकडे निशिदा-साननी लिफाफा दोन्ही हातांनी ओगावा-सानना दिला. त्या काळ्या चौकोनातून आवाज आला, "पुन्हा कामाला लागा म्हणावं!"

बैठक संपल्यावर निशिदा-सान लाइनवर थांबले. "शैला-सान, आज तुम्ही बोललात."

"माफ करा."

"माझ्यासमोर आजवर कुठलाही दुभाषी असा बोलला नव्हता." वही मिटत म्हणाले, "मलाही बोलता आलं असतं. रिवाज मलाही माहीत होता." मग एकदम, "पुढल्या मंगळवारी आठ वाजता," आणि गेले.

स्वयंपाकघरात दोन शिट्ट्यांची डाळ टणक राहिली होती. आम्ही ती मुकाट्यानं चावून खाल्ली.

त्या आठवड्यात मी हारा-सानना पत्र लिहिलं. इतकी वर्षं दर जानेवारीत कार्ड पाठवत होते, 'आपण सर्व कुशल असाल' वगैरे. या वेळी सगळं लिहिलं. की मला माहीत होतं. की माझ्या वाक्याच्या सौंदर्यापुढे मला तुम्ही दिसला नाहीत. उत्तर यायला महिना लागला. अक्षर कापरं, पण ओळी सरळ. लिहिलं होतं: 'साहेबांना रिवाज समजणार नाही, हे मलाही त्या खोलीत शिरताना ठाऊक होतं. चार शब्दांत समजावता आलं असतं. पण समजावून सांगणं मला कमीपणाचं वाटलं. तेव्हा तुम्ही तरुण होतात, मी तर पंचेचाळिशीचा होतो. बायको सांगते, मिठाई आवडली होती का ते विचारा.'

आवडली नव्हती. लाल चवळीचा गोड लगदा. पण मी लिहिलं, 'फार.' एवढं एक खोटं त्या घरासाठी चालेल. माझ्या मनातलं ओझं उतरलं असं नाही म्हणणार, पण ते उचलायला आता दोघं आहोत.

आता तुम्ही म्हणाल, मग संघ वाचला असेल. नाही वाचला.

ऑक्टोबरभर चांगला झुंजला, तीन सामने जिंकला. शेवटच्या दिवशी बरोबरी पुरली असती. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला गोल बसला आणि आम्ही तिसऱ्या पंगतीत गेलो. डग तिकडेच होता, मुद्दाम गेला होता. आम्ही दुसऱ्या दिवशी पोह्याच्या बशा हातात धरून बघत होतो. खेळाडू रांगेनं प्रेक्षकांसमोर गेले, वाकले. ओगावा-सान वाकले. आणि त्यांच्या शेजारी, टोपी छातीशी धरून, डग. कोनमापकाच्या हिशेबात न बसणारं काहीतरी वाकडंतिकडं, पण सगळे सरळ झाले तरी ते दोघं वाकलेलेच. मैदान चिडीचूप. मग मागून कुठून तरी एक ढोल वाजायला लागला, आणि मग सगळे.

सुधीर म्हणाला, "अजून माफी कसली मागतायत, कळत नाही." आणि नाक पुसलं.

शेवटची बैठक सोमवारी झाली. डग परत आला होता, डोळे सुजलेले. ओगावा-सान सुटात. मी मनात म्हटलं, झालं. आता हा दुसरा लिफाफा, आणि या वेळी दुभाष्याला बोलायला काही जागा नाही. रिवाज सगळ्यांना माहीत आहे.

"जबाबदारी—" ओगावा-साननी सुरुवात केली आणि हात कोटाच्या खिशात गेला.

"शैला," डग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला तहान लागली असेल. पाणी पी."

चाळीस वर्षांची माझी युक्ती, जी कुणाला कळत नाही म्हणून मी मिरवत होते, ती या गोठवलेल्या मटारवाल्यानं केव्हाच ओळखली होती! निशिदा-सान वहीत डोकं घालून हसत होते. म्हणजे त्यांनीही.

मी ग्लास उचलला. सुधीरनं भरलाच नव्हता. तरी मी प्यायले. सावकाश, घोट घोट, रिकामा ग्लास. डग हाताची घडी घालून गप्प बसला. ओगावा-सानचा हात खिशातच थांबला. मी पीत राहिले. काचेच्या बुडातून मला ते तिघंही वाकडेतिकडे, लांबट दिसत होते, आणि डगच्या मागे भिंतीवर बूट घातलेले मुळेसाहेब.

किती वेळ गेला कोण जाणे. मग ओगावा-सानचा हात खिशातून बाहेर आला. रिकामा.

"फेब्रुवारीत," ते म्हणाले, "तिसऱ्या श्रेणीचा पहिला सामना बाहेरगावी आहे. बचावात उंच मुलगा हवा."

मी ग्लास खाली ठेवला आणि इंग्रजी केलं.